तीनशे एकोणिसावी चिठ्ठी

कोणी मला भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं, की माझे तीन प्रश्न ठरलेले असत. वार कोणता? वेळ किती? आणि तिथे आणखी कोण होतं? निम्म्या गोष्टी पहिल्या प्रश्नालाच गार होतात. उरलेल्या तिसऱ्याला.

म्हणून आधी माझीच उत्तरं देते. मंगळवार. दुपारचे सव्वाचार. मी एकटी होते — पण कागद आहे. छापलेला, सात पानी, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

ईरा, अनय, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. ईरा म्हणाली, आजी, असे अनुभव लोक एका मराठी फोरमवर लिहितात, तिथेही टाक, कोणाला तरी कारण सुचेल. म्हणून तिथेही टाकते. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी — वय शहात्तर, अमरावतीला रुक्मिणीनगरात राहते, एका कॉलेजची लायब्ररी अठ्ठावीस वर्षं सांभाळली. सगळी नोकरी कार्डांच्या कपाटासमोर गेली. एक कार्ड जागेवर नसलं तर मला जेवण जात नसे. अमानवीय वगैरे शब्दांवर माझा विश्वास नव्हता. आज आहे का? शेवटी सांगते.

माझी मोठी बहीण, आक्का, अकोल्याला जठारपेठेत राहायची. तुम्ही तिला पाहिलंय, पण तुम्ही लहान होता. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी पंधराची. तिनं कॉलेज सोडलं आणि तारघरात काउंटरवर नोकरी धरली. त्या पगारावर मी अमरावतीच्या होस्टेलमध्ये राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. तिला तारांची सवय लागली ती कायमची. लोकांच्या निरोपातले जास्तीचे शब्द काढता काढता तिनं स्वतःचेही काढून टाकले. बोलायला लागली की धबधबा, पण लिहायचं म्हटलं की मोजून.

आमच्या दोघींमध्ये एक डबा फिरायचा. स्टीलचा, कडीचा, दीड किलोचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. अकोल्याहून कोणी येणारं असलं की त्याच्या हाती, नाहीतर एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ. कधी बाजरीच्या खारोड्या, कधी गव्हाचे सरगुंडे, कधी आमटीचं येसर. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीचा नमुना वर्षानुवर्षं तोच — आधी क्रमांक, मग तिरपी रेघ, मग जिन्नस, मग रेघ, मग निरोप. उदाहरणार्थ: ४४ / खारोड्या / तळू नोको जास्त, डबा पाठवजो. बस्स.

डबा परत पाठवायचा तो कधी रिकामा नाही. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. घरात काहीच नसलं तर मूठभर साखर घालायची, पण रिकामं भांडं माणसाच्या दारात पाठवायचं नाही. मी कधी शेंगदाणे घालायची, कधी बेकरीतली नानकटाई, आणि घाईत असले तर साखर.

तिच्या सगळ्या चिठ्ठ्या मी ठेवल्या आहेत. लायब्ररीतून निकाली काढलेला कार्डांचा एक ड्रॉवर घरी आणला होता, त्यात कार्डांवर चिकटवून, क्रमानं. एक ते तीनशे अठरा.

तीनशे अठरा ही शेवटची. त्याबद्दल मी आजवर घरात कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही.

आक्काच्या नातीला पाहायला पुण्याची माणसं आली होती. मी मुद्दाम अमरावतीहून गेले होते, चांगली साडी नेसून. आक्का चहाचा ट्रे घेऊन आली आणि सुरू झाली — "पोट्टी आमची भल्ली हुशार हाये. मीच तिले सांगून राह्यली होती, बाई, आदी नोकरी पक्की कर, मंग लग्न..." पुण्याच्या बाई हसू दाबत होत्या. मला ते दिसलं. आणि मी म्हणाले — अगदी हसत, इंग्रजी शिकलेल्या बायका बोलतात तसं — "आक्का, पाहुण्यांसमोर जरा नीट बोल ना."

तिनं ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"मी अशी बोलली म्हणून तू तशी शिकली, निमे."

बास, इतकंच. भाऊजींनी घाईघाईनं पाऊसपाण्याचा विषय काढला. मी न जेवताच संध्याकाळची बस धरली. चूक माझी होती हे मला बस मूर्तिजापूरला पोचायच्या आत कळलं होतं. पण चारचौघांत तिनं मला ऐकवलं, याचाच राग मी धरून बसले. महिनाभर फोन केला नाही. तिनंही नाही.

संक्रांतीला डबा आला. ३१८ / तिळाच्या वड्या / गोड नाही बोलली तरी चालते, बोलजो.

वड्या मी खाल्ल्या. डबा घासला, पुसला, कोरडा केला. साखरेचा डबा ओट्यावर समोरच होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आणि तो डबा तसाच, रिकामा, कडी लावून ड्रायव्हरच्या हाती दिला.

अकराव्या दिवशी आक्का गेली. सकाळी चहा पिता पिता.

मी तेरा दिवस तिथे होते. भाऊजींना डब्याबद्दल विचारायची हिंमत झाली नाही. तो उघडला तेव्हा तिला काय वाटलं असेल — दोन वर्षं मला एवढाच प्रश्न होता. बाकी सगळ्याला उत्तरं असतात. हे विचारायला माणूस उरलं नव्हतं.

आता पायथनबद्दल. मागच्या वर्षी ईरानं व्हिडिओ कॉलवर मला प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं. "आजी, तुला कॅटलॉगिंग येतं ना? मग तुला हे जमेलच." जमलं. मला आवडलं ते स्ट्रिंगचं काम. स्ट्रिंग म्हणजे मजकुराचा तुकडा — एक शब्द, एक ओळ, काहीही. ती मोजता येते, कापता येते, जोडता येते. स्प्लिट म्हटलं की सांगाल त्या खुणेवर तिचे तुकडे होतात. रिप्लेस म्हटलं की एक शब्द काढून दुसरा बसतो, हजार ठिकाणी, एका क्षणात. माझ्यासारख्या बाईला याहून काय हवं!

ईरानं गृहपाठ दिला — तुझ्याकडचा खराखुरा मजकूर घे. माझ्या डोळ्यांसमोर आक्काची तिरपी रेघ आली. स्प्लिटसाठीच काढल्यासारखी! रोज दहा-पंधरा करत मी तीनशे अठरा चिठ्ठ्या टाइप केल्या. एका ओळीवर एक. मग त्या फाइलची यादी करून, प्रत्येक चिठ्ठीचे रेघेवर तुकडे करून, नीट रकान्यांत छापणारा प्रोग्राम लिहिला.

आणि त्यात मी आणखी एक गोष्ट केली. खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. तुम्हा मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून — असं मी स्वतःला सांगितलं — मी रिप्लेसच्या ओळी घातल्या. मले असेल तिथे मला. तुह्या असेल तिथे तुझ्या. पाठवजो असेल तिथे पाठव, बोलजो असेल तिथे बोल. वीस-बावीस शब्द. म्हणजे आक्का गेल्यावरही मी तिला नीट बोलायला लावत होते. तेव्हा मात्र हे मनातसुद्धा आलं नाही.

तो मंगळवार मार्चमधला. ऊन चढलेलं होतं, कूलर अजून काढला नव्हता, पंखा सुरू होता. सव्वाचारला प्रोग्राम चालवला. काही चूक न येता ओळी छापल्या गेल्या. शेवटी एकूण ओळी किती तेही छापायला सांगितलं होतं — ३१८. बरोबर! मी खूश झाले. सवयीप्रमाणे लगेच प्रिंट काढली, ड्रॉवर शेजारी घेतला आणि एकेक कार्ड काढून पेन्सिलीनं खूण करायला बसले.

पहिल्याच कार्डाला अडले. कागदावर एक नंबरची चिठ्ठी नव्हती. यादी दोनपासून सुरू होत होती.

ही चूक मला लगेच कळली, कारण ईरानं तीनदा बजावलं होतं. आपण एकपासून मोजतो. यंत्र शून्यापासून मोजतं. यादीतली पहिली चिठ्ठी त्याच्या लेखी शून्यावी. मी बावळटासारखं एक ते तीनशे अठरा लिहिलं होतं, म्हणून पहिली गळली. ठीक आहे.

पण मग एकूण तीनशे अठरा कशा? एक गळली तर तीनशे सतराच हव्यात.

मी शेवटचं पान काढलं.

तीनशे अठरा नंबरच्या चिठ्ठीची ओळ, तिळाच्या वड्यांची, जागेवर होती. तिच्या खाली एक ओळ आणखी होती. त्याच रकान्यांत, त्याच अक्षरांत.

३१९ / साखर / रिकामा आला होता, तुह्या नावानं मीच टाकली. मले राग नाही. बोलजो.

पंख्याचा वारा कागदाला लागत होता. मी दुसऱ्या हातानं कागद दाबून धरला आणि पुन्हा वाचलं. मग उठले, पाणी प्यायले, चष्मा पुसला, आणि उभ्यानंच तिसऱ्यांदा वाचलं.

मग जे करायचं ते सगळं केलं. फाइल उघडली — ओळी तीनशे अठरा, शेवटची तिळाच्या वड्यांची. फाइलमध्ये रिकामा हा शब्द शोधला. नाही. राग शोधला. नाही. ड्रॉवर पाहिला, तळाशी हात घालून पाहिला. तीनशे एकोणीस नंबरचं कार्ड कुठून असणार?

पावणेपाचला ईराला फोन लावला. तिकडे परदेशात सकाळचे सव्वासात. केस विंचरता विंचरता तिनं उचलला.

"आजी, शून्याची चूक केलीस ना? मला माहीत होतं!"

"केली. पण शेवट बघ."

मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. प्रोग्राम आणि फाइल तिला पाठवली. तिनं कंगवा खाली ठेवून दोन्ही उघडून पाहिलं.

"आजी, हे तू हातानं लिहिलंस ना? मला फसवायला?"

"मी आजवर कोणाला फसवलंय?"

"नाही, पण... आजी, ऐक. तुझ्या यादीत तीनशे अठरा गोष्टी आहेत. तू तिच्याकडे त्याच्या पुढची मागितलीस. जी नाहीच. तिथे प्रोग्रामनं थांबायला हवं. लाल अक्षरांत एरर द्यायला हवी. तो काही छापूच शकत नाही. रिकामी ओळसुद्धा नाही. आणि दुसरं..."

"काय?"

"यात मले आहे. तुह्या आहे. तुझ्या प्रोग्राममधून काहीही गेलं तरी ते बदलूनच बाहेर येईल. अगदी फाइलमध्ये असतं तरी."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ईरा बोलत होती आणि मी त्या ओळीकडे पाहत होते. बाकीच्या साऱ्या ओळी माझ्या भाषेत होत्या. ही एकटी तिच्या.

"आजी, परत चालव. आत्ता, माझ्यासमोर."

मी चालवला. दोनपासून तिळाच्या वड्यांपर्यंत ओळी आल्या, आणि खाली लाल अक्षरांत एरर — यादी संपली, पुढे काही नाही. ईरानं तिच्या लॅपटॉपवर चालवला. तसंच. मी त्या दिवशी अकरा वेळा चालवला. अकराही वेळा लाल.

"आजी," ती म्हणाली, "पण या वाक्याचा अर्थ काय? काय रिकामं आलं होतं?"

"उद्या सांगते," म्हटलं, आणि फोन ठेवला. सांगायला आज बसले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची बस धरून अकोल्याला गेले. शेवटच्या पानाचा कागद चौकोनी घडी करून पर्समध्ये. भाऊजी — मूळचे तेल्हाऱ्याचे, शेतकी खात्यातून निवृत्त, वय ब्याऐंशी — अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"अरे बाप्पा! म्याडम! न सांगता? काहून, सगळं बरं हाये ना?"

"बरं आहे. भाऊजी, आक्काचा तो कडीचा डबा कुठे आहे हो? नाव कोरलेला."

"म्हणजे तू डब्यासाठी आली?"

"हो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं काही डोक्याचं झालंय का, असं. "असन फळीवर. तिच्या मागं कोणं हात लावला तिच्या भांड्याइले? चाल पाहू."

स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्याच्या मागे, तो होता. भाऊजींनी स्टुलावर चढायची तयारी केली, मी त्यांना खाली बसवलं आणि स्वतः चढले. डबा उचलला तेव्हा हाताला वजन लागलं.

भाऊजी खालून म्हणाले, "त्यात साखर असन. तुनंच त पाठोली होती."

मी स्टुलावरच थांबले.

"मी?"

"विसरली का? संक्रांतीच्या बादचा डबा. तिनं मले दाखवला ना उघडून. म्हणे, पाहा, निमी रागावली असन, पण डबा रिकामा नाही धाडला तिनं. हरिक झाला होता तिले." मग जरा थांबून — "म्हणे, हीच साखर घालून तिले काही करून पाठवतो. मंग राहूनच गेलं."

मी उतरले. डबा ओट्यावर ठेवला. कडी घट्ट बसली होती, दोनदा जोर लावावा लागला. आत साखर होती, मोकळी, पांढरी. दोन पावसाळे गेले होते, पण ना गाठ झालेली, ना एक मुंगी. झाकण घट्ट असलं की राहते तशी, असं भाऊजी म्हणाले. राहतही असेल.

झाकणाच्या आत चिठ्ठी नव्हती.

क्षणभर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. वाटलं, चला, सुटले. सगळा काहीतरी भ्रम. मग साखरेतून कागदाचं एक टोक वर आलेलं दिसलं.

ओढून काढला. दोन घड्या. तिचं अक्षर, निळी शाई, तिरप्या रेघा.

पर्समधला कागद काढून मी शेजारी ठेवला आणि पेन्सिल घेतली. हसू नका, सवयच ती. एकेक शब्द खूण करत गेले. तीनशे एकोणीस. साखर. रिकामा आला होता. तुह्या नावानं मीच टाकली. मले राग नाही. बोलजो. सगळ्या खुणा बसल्या.

भाऊजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांना दोन्ही कागदांचं काही कळलं नसावं, पण रिकामा आला होता एवढं त्यांनी वाचलं. बायकोनं आपल्याला खोटं सांगितलं आणि कोणाला झाकायला सांगितलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार.

मी पन्नास-साठ वर्षं ती भाषा तोंडात येऊ दिली नव्हती. होस्टेलमध्ये पहिल्या महिन्यातच पोरी हसल्या, तेव्हा सोडली ती सोडली. तुम्ही माझ्या तोंडून ती कधी ऐकली नाही. त्या दिवशी अकोल्याच्या त्या स्वयंपाकघरात, सकाळी साडेदहा वाजता, डब्याकडे पाहत मी म्हणाले —

"आक्का, चुकलं वं माह्यं. मले माफ करजो."

मागून भाऊजींचा आवाज आला.

"घ्या. आत्ता नीट बोलली."

नंतर त्यांनी चहा केला. त्याच साखरेचा. डबा मी अमरावतीला आणला. सात दिवसांनी भाऊजींना परत पाठवला — त्यात बेसनाचे लाडू, आणि झाकणाला चिठ्ठी. क्रमांक एक.

आता कारणांबद्दल. ईरानं तिच्या सरांना विचारलं. त्यांनी मेमरीत राहून गेलेल्या जुन्या मजकुराबद्दल काहीतरी सांगितलं, पण तो मजकूर माझ्या लॅपटॉपवर आधी कधीतरी असायला हवा, आणि तो कधीच नव्हता. कोणी म्हणेल, तुम्हीच नकळत टाइप केलं. मग फाइलमध्ये का नाही? आणि केलं असलं, तरी साखरेत पुरलेली चिठ्ठी मी वाचली कधी? डबा अकोल्याच्या फळीवर, मी अमरावतीत. मी अठ्ठावीस वर्षं प्रत्येक गोष्टीला एक कप्पा दिला. ही कोणत्या कप्प्यात घालायची, मला ठाऊक नाही. विश्वास बसला का, असं विचाराल तर — तेही ठाऊक नाही. कागद आहे, एवढं सांगते. दोन्ही कागद आहेत. आलात की दाखवीन.

प्रोग्राम मी दुरुस्त केला. आता तो शून्यापासून मोजतो, तीनशे एकोणीस चिठ्ठ्या नीट छापतो, आणि रिप्लेसच्या सगळ्या ओळी मी काढून टाकल्या आहेत. ती फाइल तुम्हाला पाठवते आहे. मोठ्यानं वाचा, जशी आहे तशी.

चुकीचा प्रोग्रामही ठेवला आहे, वेगळ्या नावानं, जुन्या तीनशे अठरा ओळींच्या फाइलसकट. दर मंगळवारी सव्वाचारला एकदा चालवते. लाल अक्षरं येतात — यादी संपली, पुढे काही नाही. मी बरं म्हणते आणि लॅपटॉप बंद करते.